मामाच्या छातीतली स्प्रिंग

शिट्टीताईंचं खरं नाव आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं, आणि तिथेही ते चुकीचं छापलेलं असायचं. बाकी सगळ्यांसाठी त्या शिट्टीताईच. वय चौपन्न, उंची बेताची, खांदे मात्र कपाटासारखे रुंद. पंचवीस मीटर लांबीच्या त्या बंदिस्त तरणतलावाच्या काठी, उंच पांढऱ्या खुर्चीवर त्यांनी तेवीस वर्षं काढली होती. एखाद्या आजोबांनी पाण्यातून वर यायला जरा जास्त वेळ लावला की शिट्टी. पोरं काठावरून धावली की शिट्टी. खोल बाजूला दोरीला लटकून गप्पा छाटणाऱ्या बायका दिसल्या की दोन शिट्ट्या. एकदा तर खुद्द मॅनेजर साहेब बूट घालून काठापर्यंत आले म्हणून शिट्टी वाजली, आणि साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले.

ताई तापट होत्या का? होत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पण तेवीस वर्षांत त्या तलावात एकही माणूस दगावला नव्हता. ताई हे स्वतः कधी बोलून दाखवत नसत. तिकीट खिडकीवरचा माणूस प्रत्येकाला तिकिटाबरोबर तेवढं सांगायचाच.

त्यांचा खरा जीव होता रविवारच्या वर्गात. सकाळी आठ ते दहा तलाव बंद असे आणि काठावरच्या ओल्या फरशीवर ताई लोकांना प्रथमोपचार शिकवायच्या. जीवरक्षक व्हायला आलेली पोरंपोरी असत, व्यायामशाळेचे शिक्षक असत, शाळेची बस चालवणारी एक बाई होती, एक निवृत्त पोस्टमन होते. शेवटी छोटी परीक्षा आणि ताईंच्या सहीचं प्रमाणपत्र. गेल्या अकरा वर्षांत अशी शहाण्णव प्रमाणपत्रं त्यांनी दिली होती, आणि प्रत्येकाचा फोन नंबर एका जाड वहीत लिहून ठेवला होता.

"ऐका," कमरेवर हात ठेवून त्या सुरू करायच्या. "बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा आरडाओरडा करत नाही. तो गुपचूप जातो. म्हणून डोळे पाण्यावर, मोबाइलवर नाही. बाहेर काढला, आता काय करायचं? पोट दाबून पाणी काढायचं? कोण म्हणालं ते? उभं राहा. तुम्हाला हे ज्यानं सांगितलं त्याला माझ्याकडे पाठवा. पोटातलं पाणी राहू दे तिथंच. आधी खांदे हलवा, मोठ्यानं हाक मारा. बोलत नाही? मग मदतीला बोलवा. 'कुणीतरी फोन करा' म्हणाल तर कुणीच करणार नाही. बोट दाखवून सांगा, 'तू कर.' मग डोकं मागे, हनुवटी वर, आणि दहा सेकंद बघा श्वास चालतोय का. नाही? बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा लागते. पाच श्वास द्या. मास्क आहे, लाजू नका, इथं कुणी लग्न ठरवायला आलेलं नाही. मग छातीवर तीस दाब, दोन श्वास. पुन्हा तीस, पुन्हा दोन. दमलात तर दुसऱ्याच्या हाती द्या, पण थांबू नका."

हे सगळं ज्याच्या अंगावर शिकवलं जायचं तो मामा. मामा म्हणजे कमरेपर्यंतचा रबरी माणूस. तोंड कायम उघडं, केस रंगवलेले, एक कान झिजून अर्धा झालेला. बिचारा दर रविवारी बुडायचा आणि दर रविवारी वाचायचा. छातीवरचा दाब बरोबर बसला की त्याच्या आतून 'टक' असा आवाज यायचा. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे असं पुस्तकात होतं आणि ताईही तोंडानं तेच सांगायच्या. पण पाच सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती, हे हाताला मामाच सांगायचा. टक आला की पास. ताईंचा स्वतःचा हात तर असा बसला होता की शंभर दाबांत शंभर टक.

ताईंचे यजमान सोफे, खुर्च्या आणि गाद्या दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, "अख्खं गाव ज्याला मामा म्हणतं तो तुझा भाऊच झाला की. म्हणजे माझा मेहुणा. आणि असा मेहुणा कुणाला मिळतो? जेवायला मागत नाही, उसने मागत नाही, उलट उत्तर करत नाही."

यंदा मात्र नियम बदलला. तोवर जीवरक्षकांच्या परवान्याचं नूतनीकरण म्हणजे काय, तर मुख्य कचेरीतून एक गृहस्थ यायचे, मामाचे टक ऐकायचे, चहा घ्यायचे आणि सही करून जायचे. या वेळी बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. बारीक आवाजाच्या, जाड चष्म्याच्या, रुग्णवाहिकेवर पंधरा वर्षं काढलेल्या. त्यांनी पेटीतून एक नवा कोरा रबरी माणूस बाहेर काढला. त्याचा मामाशी काही संबंध नव्हता. त्याच्याबरोबर एक छोटा पडदा होता. दाब पुरेसा खोल गेला की पडद्यावर हिरवा दिवा, कमी पडला की पिवळा.

"आधी कोण?" बाईंनी विचारलं.

"मी. मोठ्यांपासून सुरुवात करायची," ताई म्हणाल्या आणि त्यांनी गुडघे टेकले.

पाच श्वास झाले. तीस दाब झाले. पडद्यावर तीस पिवळे दिवे लागले. पिवळा म्हणजे चांगलाच असणार, असं धरून ताईंनी अभिमानानं वर पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"ताई, वेग उत्तम आहे तुमचा. पण छाती तीन सेंटिमीटरच्या खाली गेलीच नाही."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

बाईंनी वाद घातला नाही. काठीसारख्या दिसणाऱ्या त्या बाईंनी शेजारी बसून सहा दाब दिले. सहाही हिरवे. मग तलावावरचे बाकीचे तिघे जीवरक्षक बसले, आणि तिघांचाही आकडा तोच आला. तीन सेंटिमीटर.

ताईंनी चौघांचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. चार माणसं आपापल्या बुद्धीनं चुकली असती तर चार तऱ्हांनी चुकली असती. चौघं एकाच तऱ्हेनं चुकली, म्हणजे ती चूक कुणीतरी शिकवलेली होती. आणि शिकवणारं कोण, हे शोधायला फार लांब जायला नको होतं.

"तीन सेंटिमीटरनं काय बिघडतं?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी उत्तर गोड करून दिलं नाही. "रक्त मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, ताई. दिसायला सगळं बरोबर दिसतं, आणि माणूस जातो."

फेरपरीक्षा पुढच्या रविवारी ठरली. तोवर खुर्चीवर बाहेरून मागवलेले जीवरक्षक बसणार होते. पुन्हा नापास झाल्या तर ताईंची बदली तिकीट खिडकीवर. मॅनेजर साहेब कानाशी येऊन म्हणाले, "आठ दिवस सराव करा आणि पास होऊन टाका. बाहेर कुणाला कळायचं काही कारण नाही."  खुर्ची जाईल याची भीती होतीच, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठी भीती त्या जाड वहीत होती. शहाण्णव माणसं त्यांच्या भरवशावर कुठे कुठे पाण्याकाठी उभी होती, आणि त्यातल्या प्रत्येकाचा हात तीन सेंटिमीटरला थांबणार होता.

रात्रीच्या जेवणाला ताईंनी सगळं सांगितलं. यजमानांचा घास हातातच राहिला.

"तीन म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"नेमके तीन?"

"अहो, किती वेळा सांगू?"

यजमान उठले, हात धुतले, आणि पाठमोरे उभे राहूनच म्हणाले, "तो ठोकळा."

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी मामाच्या छातीतली स्प्रिंग तुटली होती. कचेरीनं नवी मागवतो म्हणून सहा महिने घालवले, तेव्हा ताईंनीच मामाला रिक्षात बसवून घरी आणलं होतं. यजमानांनी त्याची छाती उघडली आणि एका जुन्या आरामखुर्चीची स्प्रिंग आत बसवली. ती जरा बुटकी निघाली. म्हणून त्यांनी खाली बोटभर जाडीचा लाकडी ठोकळा ठेवला. त्या ठोकळ्यामुळे टक दोन सेंटिमीटर आधीच यायला लागला, ते कुणी मोजलं नाही. टक आवाज येतोय ना? येतोय. मग झालं.

"पण आरामखुर्चीची कशाला?" ताई कडाडल्या. "दुकानात इतक्या घट्ट स्प्रिंगा पडल्या होत्या!"

"तुझं मनगट दुखत होतं तेव्हा," यजमान भिंतीकडे बघत म्हणाले. "रात्री शेकत बसायचीस. म्हटलं, जरा मऊ घालावी."

 ताईंना भयंकर राग आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस असा उभा होता की राग तोंडापर्यंत येऊन परत जात होता. कोपऱ्यात सासूबाई शांतपणे जेवत होत्या. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सुनेच्या माहेरच्या माणसाच्या छातीत हात घालू नकोस." ताई हसल्या. मग त्यांना रडू आलं. मग पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. परीक्षक बाई नवा रबरी माणूस आठ दिवसांसाठी ठेवून गेल्या होत्या. बाकीचे तिघं तरुण होते, दोन-तीन दिवसांत त्यांचे दिवे हिरवे व्हायला लागले. ताईंचे होईनात. ताकद कमी होती असं नाही. कॅनमधलं वीस लिटर पाणी त्या एका हातानं उचलायच्या. पण हात तीन सेंटिमीटरवर गेला की आपोआप परत फिरायचा. अकरा वर्षं त्याला तिथंच शाबासकी मिळाली होती. बुधवारी संध्याकाळी पडद्यावर सलग दोनशे पिवळे दिवे बघून ताईंनी फरशीवर बैठक मारली आणि ज्या माणसाचा विचार त्या तीन दिवस टाळत होत्या, त्याचा विचार केला. लांबूचा.

लांबू म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या, ठोकळ्यानंतरच्या पहिल्याच तुकडीतला पोरगा. दारातून वाकून यायचा. ताईंनी त्याला जेमतेम पास केलं होतं, कारण त्याचा हात फार जड. मामाचा टक झाला तरी तो दाबतच राहायचा. पुढे तो याच तलावावर लागला, आणि आठ वर्षांपूर्वी एका दुपारी ताई सुट्टीवर असताना त्यानं खोल बाजूनं एका जाडजूड आचाऱ्याला बाहेर काढलं. श्वास नव्हता. लांबूनं रुग्णवाहिका येईपर्यंत नऊ मिनिटं दाब दिले आणि आचारी वाचला. पण त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. घरचे तक्रार घेऊन आले. ताईंनी चारचौघांत लांबूला झापलं, "हे शिकवलं होतं मी तुला? माणसं वाचवायची की हाडं मोडायची?" अहवालातही लिहिलं, 'गरजेपेक्षा जास्त जोर लावला.' महिन्याभरात लांबू नोकरी सोडून गेला. आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीला ताई न चुकता सांगायच्या, "सगळं करा, पण लांबूसारखं करू नका."

हे आठवलं आणि ताईंनी समोरचा पडदा बंद करून टाकला. गुरुवारी सकाळी त्यांनी बस पकडली. लांबू आता शहराबाहेरच्या मोठ्या तळ्यावर जीवरक्षक होता. दीड तासाच्या वाटेवर ताईंनी माफीची अख्खी वाक्यं जुळवली, पाठ केली, दोनदा मनात म्हणूनही पाहिली. तळ्याकाठी लाकडी मचाणाखाली लांबू दोर गुंडाळत बसला होता. कानाजवळचे केस पिकले होते. त्यानं वर पाहिलं आणि दोर खाली ठेवला.

"ताई? तुम्ही?"

ताईंची पाठ केलेली सगळी वाक्यं उडून गेली. "पाणी फार गढूळ आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"तळं आहे ताई. त्याला टाइल्स नसतात."

"माणूस दिसतो का खालचा?"

"नाही दिसत. म्हणून तर डोळे जास्त उघडे ठेवतो. तुम्हीच शिकवलंत." एवढं बोलून तो थांबला. "काय झालं, ताई?"

मग ताईंनी सांगितलं. पिवळे दिवे, तीन सेंटिमीटर, आरामखुर्चीची स्प्रिंग, ठोकळा, सगळं. लांबू ऐकत होता. ठोकळ्याचा भाग आला तेव्हा त्यानं तोंडावर हात ठेवला, आणि तो हसतोय की काय हे ताईंना कळेना.

"तू का थांबायचा नाहीस रे टक झाल्यावर?" त्यांनी विचारलं. "मी इतकी ओरडायचे."

"ताई, मी नुसते हात ठेवले तरी मामा टक करायचा. मला वाटायचं, इतक्या स्वस्तात कुणी परत येत नसेल."

ताईंनी मान खाली घातली. मग वर केली, कारण ही गोष्ट मान खाली घालून बोलायची नव्हती. "माझं चुकलं. त्या दिवशी तू बरोबर होतास. परीक्षक बाईंना विचारलं मी, नीट दाबलं तर बरगडी मोडतेही कधी कधी, म्हणाल्या. मोडलेली बरगडी जुळते. तू त्याला वाचवलंस आणि मी तुला झापलं, तेही सगळ्यांसमोर. आणि आठ वर्षं तुझं नाव घेऊन लोकांना चुकीचं शिकवत राहिले. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय."

लांबूनं पाण्यावर नजर फिरवली. ड्यूटीवर होता, बघावंच लागतं. मग म्हणाला, "आठ वर्षं मी मनात तुमच्याशी भांडतोय. अंघोळ करताना, बसमध्ये, मचाणावर. दर वेळी मीच जिंकायचो. आता तुम्ही अशा एका दमात हरलात, तर मी रोज करू काय?"

"मला शिकव," ताई म्हणाल्या.

पाण्यावर नजर ठेवायला दुसरा जीवरक्षक मचाणावर चढला आणि लांबूनं तळ्यावरचा त्यांचा रबरी माणूस वाळूशेजारच्या ओट्यावर आणला. "कोपर सरळ. खांदे हातांच्या बरोबर वर. हातानं नाही दाबायचं, कमरेतून वजन टाकायचं. आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची." तिसऱ्या दाबाला ताईंचा हात पुन्हा तिथंच फिरला. लांबूनं डोकं खाजवलं. "ताई, तुमचे हात बरोबर आहेत. तुमचे कान चुकतायत. तुम्ही टक ऐकायला थांबताय. मोठ्यानं मोजा. बोंबलून मोजा, म्हणजे कानांना काम राहील."

ताई बोंबलल्या. तळ्याकाठी उन्हात पडलेली माणसं उठून बसली. आठवर आकडा गेला तेव्हा रबरी छाती पहिल्यांदा खोल गेली, आणि ताईंना खांद्यापासून टाचेपर्यंत कळलं की आजवर आपण कुणाची छाती दाबतच नव्हतो, नुसती थोपटत होतो. तासाभरानं त्या घामाघूम झाल्या होत्या आणि त्यांना फार म्हणजे फारच आनंद झाला होता.

"रविवारी ये," निघताना त्या म्हणाल्या.

"रविवारी ड्यूटी आहे, ताई." आणि थोडं थांबून, "बघतो."

शुक्रवार-शनिवार ताई फोन घेऊन बसल्या. वही उघडली, पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलंय. रविवारी सकाळी आठला या. नाही, गंमत नाही करत. नाही, पैसे नाहीत पडणार. दाबायला उशी घेऊन या." मॅनेजर साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, गुपचूप पास व्हा म्हटलं होतं ना मी! तुम्ही तर दवंडी पिटताय. सगळ्यांसमोर नापास झालात तर?" ताई म्हणाल्या, "तर सगळ्यांना कळेल की हे किती अवघड आहे." त्यांनी पुढचा नंबर फिरवला.

रविवारी आठच्या ठोक्याला एकाहत्तर माणसं उशा काखोटीला मारून तलावाच्या दारात उभी होती. पोस्टमन आजोबा होते, बसवाली बाई गणवेशातच आली होती. यजमान हातगाडी ढकलत आले. गाडीत चाळीस चौकोनी गाद्या होत्या. तीन रात्री जागून त्यांनी त्या शिवल्या होत्या, प्रत्येकीत एकेक घट्ट स्प्रिंग घालून. परीक्षक बाईंनी एकेक गादी दाबून पाहिली, पट्टीनं मोजली, तीन नापास करून परत दिल्या आणि बाकीच्या ठेवून घेतल्या. आयुष्यात कुणी इतक्या बारकाईनं आपलं काम तपासलं नव्हतं, या आनंदात यजमान दिवसभर तरंगत होते.

ताई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मामाला त्यांनी शेजारी ठेवलं होतं, छाती उघडी करून. त्यांनी ठोकळा काढून सगळ्यांना दाखवला. मग कचेरीतून मागवून आणलेला आठ वर्षांपूर्वीचा तो अहवाल जसाच्या तसा वाचला. "'गरजेपेक्षा जास्त जोर लावला.' हे मी लिहिलंय. हे खोटं आहे. जितका लागतो तितकाच जोर त्यानं लावला होता. कमी लावणारी मी होते." त्यांनी अहवालाची घडी घातली. "आता मी परीक्षा देणार आहे. नापास झाले तर तिकीट खिडकीवर भेटूच. पण तुम्ही मात्र नीट शिकल्याशिवाय इथून हलायचं नाही."

परीक्षा अशी होती: दोन मिनिटं एकानं दाब द्यायचे आणि मग क्षणाचाही खंड न पाडता ते काम जोडीदाराकडे सोपवायचं. ताईंच्या जोडीदाराची जागा अजून रिकामी होती. ताईंनी गुडघे टेकले. हाक मारली, बोट दाखवून पोस्टमन आजोबांना रुग्णवाहिकेचा फोन करायला लावला. घाबरलेल्या आजोबांनी खरोखरच फोन बाहेर काढला, तो बसवाल्या बाईनं वेळेत काढून घेतला. डोकं मागे, हनुवटी वर, पाच श्वास. मग ताईंनी मोजायला सुरुवात केली, आणि तो आवाज छपराला लागून परत आला. एक हिरवा. दोन हिरवे. दहा हिरवे. तीस. दोन श्वास. पुन्हा तीस.

दीड मिनिट झालं आणि खांदे भरून आले. एक पिवळा दिवा लागला. आणखी एक.  ताईंना वाटलं, संपलं आता. तेवढ्यात आकडा मोजणारा दुसरा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला, दारातून येणारा, वाकून आत येणाऱ्या माणसाचा. मग सगळेच मोजायला लागले. ताईंनी कमरेतून वजन टाकलं. हिरवा.

दोन मिनिटं संपली तेव्हा लांबू समोर गुडघे टेकून, हात तयार ठेवून बसला होता. "सोडा ताई, घेतलं," तो म्हणाला. ताईंनी हात उचलले त्याच क्षणी त्याचे हात खाली गेले. एकही दिवा चुकला नाही.

परीक्षक बाईंनी कागदावर सही केली. "दोन पिवळे आहेत," त्या म्हणाल्या. "खऱ्या माणसाला ते दोन चालतात. पास." मग असा काही दंगा झाला की मॅनेजर साहेब बूट घालूनच काठापर्यंत धावत आले आणि कुणीही शिट्टी वाजवली नाही.

पुढचे दोन तास लांबूनं वर्ग घेतला. ताई पहिल्या रांगेत गादीवर दाब देत होत्या. लांबू सगळ्यांच्या मधून फिरत होता, कोपरं सरळ करत होता, आणि ताईंपाशी आला की मुद्दाम जरा जास्त वेळ थांबून "हं, ठीक आहे" म्हणत होता. ताईंनी ते सोसलं. आज त्याला तेवढा हक्क होता.

सगळं आवरत आलं तेव्हा दारात एक जाडजूड माणूस उभा दिसला. हातात टॉवेलची पिशवी, बोटाला धरलेली एक मुलगी. ताईंनी त्याला ओळखलं आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या बरगडीवर गेला. तो आचारी होता.

"लांबूनं सांगितलं, आज सगळे जमणार आहेत म्हणून," आचारी म्हणाला. "त्या वेळी आमच्या घरच्यांनी उगाच तक्रार केली, ताई. घाबरले होते हो. मला तर शुद्धीवर आल्यावर नर्सनं सांगितलं, बरगड्या मोडल्यात म्हणून तुम्ही बोलताय. थंडीत अजून दुखतं बरं का. दुखलं की बरं वाटतं."

"आज कसं काय आलात?" ताईंनी विचारलं. 

"हिचं नाव घालायचंय. पोहायला." त्यानं मुलीला पुढे केलं. "बायको म्हणाली, त्याच तलावात नेताय? म्हटलं, दुसरीकडे कुठे नेऊ? पोरीला पाण्यात सोडायची तर तिथंच सोडावी, जिथली माणसं बाहेर काढतात."

"किती वर्षांची?"

"सहा पूर्ण," मुलीनं स्वतःच सांगितलं, बोटं दाखवून.

ताईंनी मनात हिशेब केला. आठ वर्षांपूर्वीची ती दुपार, आणि त्यानंतरची ही सहा वर्षं. त्या बाकावर बसल्या. त्या दिवशी लांबूच्या जागी त्या स्वतः ड्यूटीवर असत्या, तर त्यांनी मन लावून, न थकता, अगदी नियमानं तीन सेंटिमीटर दाबलं असतं. आणि ही पोर नसती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. लांबू गाद्या रचता रचता थांबून त्यांच्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

"रडतायत का या?" मुलीनं बापाला विचारलं.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "तलावावर सगळ्यांचंच तोंड ओलं असतं." त्या उठल्या, मुलीचा हात धरला आणि तिला उथळ बाजूच्या पायऱ्यांकडे घेऊन गेल्या. "आधी नुसती काठावर बस. पाय आत सोड. गार लागतंय?"

"खूप!"

"लागू दे. आता हळूहळू पाय हलव बघू."